बाळंतिणीची खोली

आपल्या लष्करात वैद्यकीय महाविद्यालयाला गजराराजे यांचे नाव आहे आणि त्याच्या स्त्रियांच्या व मुलांच्या इस्पितळाला कमलाराजे यांचे. १९२५ साली निवर्तलेल्या माधवराव महाराजांच्या एक राणी, दुसरी कन्या. म्हणजे नात्याने मायलेकी. १९४६ साली महाविद्यालय सुरू झाले, तेव्हापासून या भागातल्या किती बाळंतिणी या दोन नावांच्या आश्रयाला गेल्या असतील, याची गणती कोण करणार! संस्थान विलीन झाले, दरबार उठला, गोरखीत कचेऱ्या आल्या आणि गेल्याही. पण इस्पितळाच्या कमानीवर मायलेकींची नावे राहिली. हा योगायोग सुंदर आहे. मात्र त्या नावांना आपण जागलो आहोत काय, हा प्रश्न अधूनमधून स्वतःला विचारलेला बरा.

गोरखीतून निघालेली रिक्षा कमलाराजा इस्पितळाच्या दारात काही मिनिटांत उभी राहते. आपल्या घरातली सून अडली तर वाटेत खोळंबा होईल तो बाड्यावरच्या गर्दीचा. आग्रा-मुंबई रस्त्यावर घाटीगावच्या आसपास ज्या सहरिया वस्त्या आहेत, तिथल्या बाईचे तसे नाही. तिच्या बाबतीत विलंब तीन ठिकाणी होतो, असे या विषयाचे जाणकार सांगतात. न्यावे की न न्यावे हे ठरवण्यात पहिला, वाहन मिळून पोहोचण्यात दुसरा, आणि पोहोचल्यावर योग्य माणसाचा हात लागण्यात तिसरा. बाळंतपणानंतर रक्त वाहू लागले तर घड्याळाचा काटा फार उदार नसतो. वाढलेला रक्तदाब, झटके, जंतुसंसर्ग ही बाकीची कारणेही अशीच. यातल्या बहुतेकांवर उपाय ठाऊक आहेत आणि ते महागही नाहीत. ते वेळेवर पोहोचत नाहीत, एवढेच.

२०१८ ते २०२० या काळाच्या सरकारी पाहणीत एक लाख जिवंत जन्मांमागे दगावलेल्या मातांची संख्या केरळात १९, महाराष्ट्रात ३३, सबंध देशात ९७ आणि आपल्या मध्यप्रदेशात १७३ होती. पुढच्या वर्षांत आपला आकडा उतरला, पण महाराष्ट्राशी असलेले अंतर काही मिटले नाही. आपल्यापैकी पुष्कळांचे आप्त पुण्या-मुंबईला आहेत. कुलदैवत तेच, पंचांग तेच, डिंकाचे लाडूही तेच. तरी आपल्या प्रांतात बाळंतपणाची जोखीम पाचपट! अर्थात हा १७३ चा आकडा आपल्या वाड्यांतून भरत नाही. तो कुठून भरतो, हाच आजचा विषय आहे.

जुन्या मराठी घरात बाळंतिणीची खोली म्हणून एक वेगळी जागा असे. तिच्यावर टीका करायला जागा भरपूर आहे. खिडक्या बंद, शेगडीचा धूर, सोयराच्या नावाखाली आलेला विटाळ, यांतले काहीच परत यावे असे कोणी शहाणा म्हणणार नाही. सर्वांत मोठी चूक म्हणजे पहिले पिवळसर दूध. त्याला आपण चीक म्हणतो. गाईच्या चिकाचा खरवस आपण वाटीवाटीने खातो, शेजारी पाठवतो, वेलची-केशर घालून त्याचे कौतुक करतो. आणि आईचा चीक मात्र पुष्कळ घरांतून पिळून टाकला जाई व बाळाच्या जिभेवर मध लावला जाई. बाळाला रोगांपासून पहिले कवच मिळते ते या चिकातूनच. पहिल्या दिवशी बाळाच्या पोटात एका वेळी चमचाभरच मावते, आणि निसर्ग तेवढेच देतो. ते थोडे दिसले म्हणून “हिला दूधच नाही” असा निकाल आपण देतो आणि डबा आणायला माणूस पाठवतो.

असे असले तरी त्या खोलीत एक मोठी गोष्ट होती. सव्वा महिना त्या बाईला कोणी काम सांगत नसे. तिला हळिवाची खीर मिळे, शेक मिळे, अंगाला तेल मिळे आणि मुख्य म्हणजे शेजारी एक अनुभवी बाई बसलेली असे. आई, मावशी, आत्या, कोणीतरी. मूल रडले की ती म्हणे, “अशी नको धरूस, जरा कोपर वर घे, त्याचं पोट तुझ्या पोटाला लागू दे.” पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या चालीत जे शहाणपण होते, ते मला वाटते हेच.

गाणे शिकवणे हा ज्याचा पेशा आहे, त्याला यात नवल वाटत नाही. गळा निसर्ग देतो. सूर शिकवावा लागतो. आपल्या ग्वाल्हेरच्या गायकीची तालीम समोरासमोर बसूनच झाली. गुरूने गायचे, शिष्याने ऐकायचे, चुकला की तिथल्या तिथे थांबवायचे. पोथी वाचून कोणी गवई झाला नाही. अंगावर पाजणे हेही असेच आहे. पान्हा निसर्गाचा, पण बाळाला कसे धरावे, त्याने तोंड पुरेसे उघडले आहे ना, नुसत्या टोकाशी धरून ते ओढत नाही ना, हे कोणीतरी जवळ बसून दाखवावे लागते. नाहीतर चिरा पडतात, दूध साकळते, ताप भरतो आणि ती बिचारी पाजणे सोडते. शिवाय या दुधाचा हिशेब आपल्या विहिरीच्या उलट आहे. जितके उपसाल तितके अधिक येते. डब्याची एक बाटली पाजली की बाळ तेवढे कमी लुचते, लुचणे कमी झाले की दूध कमी होते आणि दूध कमी झाले की दुसरी बाटली येते. हे चक्र ओळखूनच १९९२ साली आपल्या देशाने दुधाची भुकटी आणि बाटल्या यांच्या जाहिरातीवर आणि फुकट नमुन्यांवर कायद्याने बंदी घातली. २००३ साली तो कायदा आणखी कडक झाला.

आता इस्पितळांकडे वळू. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे देशातली ८८.६ टक्के बाळंतपणे दवाखान्यात झाली. मध्यप्रदेशात तर ९०.७ टक्के. २००५ साली जननी सुरक्षा योजना आली, गावोगाव आशा कार्यकर्ती नेमली गेली, २०११ पासून सरकारी इस्पितळातले बाळंतपण, औषधे आणि येण्याजाण्याचे वाहन मोफत झाले, त्याचे हे फळ होय. ते मान्य केलेच पाहिजे. पण त्याच पाहणीत दुसरा आकडा आहे. जन्मानंतर तासाभरात आईचे दूध मिळालेली मुले देशात केवळ ४१.८ टक्के होती. याचा अर्थ असा की, पुष्कळ मुले जन्मली इस्पितळात, आईही तिथेच होती, दूधही होते. नव्हते ते शेजारी बसणारे माणूस. खाटा अपुऱ्या, परिचारिका दमलेली, शस्त्रक्रिया झालेली आई कुशीवर वळू शकत नाही, आणि तिसऱ्या दिवशी घरी पाठवणी. सुईण गेली ते योग्यच झाले, पण तिच्याबरोबर बाळंतिणीची खोलीही गेली आणि तिची जागा कोणी घेतली नाही.

ती जागा भरून काढता येते, हे महाराष्ट्रातच सिद्ध झाले आहे. गडचिरोलीसारख्या अरण्यजिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतून गावच्याच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून तयार केले. त्या घरी जात, बाळाचे वजन घेत, ते उबेत ठेवायला आणि पाजायला शिकवत आणि जंतुसंसर्गाची चिन्हे दिसली तर उपचारही करत. १९९९ साली या कामाचा वृत्तान्त ‘लॅन्सेट’मध्ये आला. तुलनेसाठी घेतलेल्या गावांच्या मानाने महिन्याच्या आतल्या बालकांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११ पासून देशभर आशा कार्यकर्तीने बाळंतिणीच्या घरी सहा-सात वेळा जावे असा जो नियम झाला, त्याच्या मुळाशी हा गडचिरोलीचा अनुभव आहे. मुंबईत शीव इस्पितळात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी काढली, ती गोरगरिबांच्या अपुऱ्या दिवसांच्या मुलांसाठी. यांपैकी काहीही वाड्यांच्या ऐश्वर्यातून आलेले नाही.

आणि इथेच आपल्याला अडचणीचा ठरणारा मुद्दा येतो. बाळंतिणीची खोली होती खरी. पण कोणाला होती? आपल्या सुनांना न्हाऊमाखू घालायला जी बाई येई, तिच्या स्वतःच्या बाळंतपणात तिला कोणी न्हाऊ घातले? राजघराण्यांतून आणि बड्या घरांतून दाई ठेवण्याची चाल होती. दूधभाऊ हा शब्द आपण कौतुकाने वापरतो. पण त्या दाईच्या पोराच्या वाट्याला किती दूध उरे, हे विचारणारा शब्द आपल्या भाषेत नाही. आज दाई नाही, पण धुणेभांडी करणारी बाई आहे. सातव्या-आठव्या महिन्यापर्यंत ती आपल्या चौकात वाकून फरशी पुसते आणि बाळंत झाल्यावर महिन्याभरात परत येते, कारण न आली तर काम दुसरीला जाते. तान्हे मूल घरी सात-आठ वर्षांच्या बहिणीपाशी. त्याला काय पाजले जाते हे विचारू नये. सहा महिने केवळ अंगावरचे दूध द्यावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चार घरची भांडी घासणाऱ्या बाईने ते कसे द्यावे, ते मात्र आपल्यालाच सांगावे लागेल.

या प्रश्नाचे उत्तर एका मराठी माणसाने १९२८ सालीच दिले होते. मुंबई कायदेमंडळात बाळंतपणाच्या रजेचे विधेयक आले, तेव्हा डॉ. आंबेडकर त्याच्या बाजूने बोलले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलावा, आणि जो तिच्या श्रमाचा लाभ घेतो त्या मालकानेही उचलावा, असा त्यांचा रोख होता. १९२९ साली तो कायदा झाला. १९६१ साली सबंध देशासाठी झाला. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु ती आहे कचेरी-कारखान्यांतल्या बायकांना. घरकाम करणारी, विटा वाहणारी, शेतावर जाणारी बाई तिच्या बाहेरच राहिली. तिच्यासाठी मातृवंदना योजनेचे पहिल्या अपत्याला ५,००० रुपये आहेत. आपल्या राज्याने २०१८ साली नोंदणी झालेल्या असंघटित कामकरी स्त्रियांसाठी १६,००० रुपयांचे प्रसूतिसाहाय्य सुरू केले. पण नोंदणी, आधार, बँकेचे खाते, शिक्के, हे सगळे तिने पोटात मूल असताना करायचे आहे!

रायगडची हिरकणी आपल्याला लहानपणापासून ठाऊक आहे. सूर्यास्ताला दरवाजे लागले, घरी तान्हे मूल, म्हणून ती गवळण अंधारात कडा उतरून गेली. त्या कथेत आपण आईच्या मायेचे गोडवे गातो आणि महाराजांनी बांधलेल्या बुरुजाचे. पण जरा थांबून पाहिले तर अडचण मायेची नव्हतीच. अडचण बंद दरवाजाची होती. महाराष्ट्रात एस.टी.च्या स्थानकांवर पाजणाऱ्या आयांसाठी जे कक्ष केले, त्यांना हिरकणीचे नाव दिले. नाव ज्याने सुचवले, त्याला कथेचा अर्थ कळला होता असे म्हटले पाहिजे. कडा उतरायला लावून मग बुरूज बांधण्यापेक्षा एक आडोशाची खोली केव्हाही बरी.

आपण काय करावे? इस्पितळात परिचारिका वाढवा, पाजणे शिकवणारी प्रशिक्षित बाई प्रत्येक प्रसूतिकक्षात नेमा, आशा कार्यकर्तीला वेळेवर मोबदला द्या, ही मागणी सरकारकडे केलीच पाहिजे आणि ती पुन्हापुन्हा केली पाहिजे. पण काही गोष्टींना सरकारची वाट पाहायला नको. आपल्याकडे काम करणाऱ्या बाईला दिवस गेले, तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी असते, हे तिला सांगावे आणि त्या दिवशी कामाला बोलावू नये. तिचे कागदपत्र घरातल्या शिकलेल्या मुलाने भरून द्यावेत. १०८ हा क्रमांक तिच्या नवऱ्याच्या फोनमध्ये आहे की नाही, ते पाहावे. बाळंतपणानंतर तीन महिने तिचा पगार चालू ठेवावा आणि ती परतली की मूल बरोबर आणू द्यावे. चौकात पाळणा टांगायला आपल्या वाड्यांत कड्यांची वाण नाही.

यावर कोणी म्हणेल, आम्ही पेन्शनीवर राहणारी माणसे, दोन बायांचा पगार कुठून देणार? दोन बायांचा देऊच नये. तिचा पगार तिला द्यावा आणि तीन महिने आपली भांडी आपण घासावीत. त्याला एक रुपयाही जास्त लागत नाही. घरातल्या कर्त्या पुरुषांनी हातभार लावला, तर बाईमाणसांवरही भार पडणार नाही.

आपल्या घराघरांतून अजून अशा आज्या आहेत, ज्यांनी पाच-पाच बाळंतपणे काढली. चीक टाकायचा नाही, मध चाटवायचा नाही, खिडकी उघडी ठेवायची, एवढे नवे शिक्षण डॉक्टरीणबाईंकडून घेतले, तर बाकीचे त्यांच्या हातात आहेच. हळदीकुंकवाला जमणाऱ्या आपल्या मंडळांनी अशा चार जणींची नावे काढावीत आणि इस्पितळाच्या परवानगीने आठवड्यातून एक दुपार त्यांनी प्रसूतिकक्षात बसावे. डोहाळजेवण आपण आपल्या लेकीचे करतो. एक बाळंतविडा कामवालीच्याही नावाने बांधावा.

गोरखीच्या आसपासच्या वाड्यांना मोठे दरवाजे आहेत आणि त्या दरवाजांना दिंडी आहे. मोठा दरवाजा सणावारी उघडतो; रोजची माणसे दिंडीतून ये-जा करतात. मोठे दरवाजे उघडणे सरकारचे काम आहे असे घटकाभर मानू. दिंडीची कडी मात्र आपल्याच हातात आहे.