व्हाईट वाईनची निवड : किमतीआधी साल पाहा

प्रतिनिधी

एक हजार चौरस फुटांहून मोठ्या सुपरमार्केटमध्ये वाईनविक्रीला परवानगी देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २७ जानेवारी २०२२ रोजी घेतला आणि राज्यात वादळ उठले. वाईन ही दारू की शेतमाल, या प्रश्नावर सत्ताधारी आणि विरोधक समोरासमोर आले. ज्येष्ठ समाजसेवक अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला. अखेर सरकारने नागरिकांकडून हरकती आणि सूचना मागवल्या. या साऱ्या वादात द्राक्ष बागायतदार, वाईनरीचे मालक आणि दारूबंदीचे कार्यकर्ते अशा सर्वांची बाजू मांडली गेली. पैसे मोजून ती बाटली घरी नेणाऱ्या ग्राहकाविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही.

हा ग्राहक बहुधा जाणकार नसतो. महिन्या-दोन महिन्यांतून एखादी बाटली घेणारा, उन्हाळ्यात थंडगार आणि फार गोड नसलेली व्हाईट वाईन हवी असणारा असा तो असतो. इंग्रजीत अशा वाईनला 'क्रिस्प' म्हणतात. घोट घेताच जिभेला तरतरी यावी आणि तोंडाला पाणी सुटावे, असा हलका आंबटपणा त्यात अपेक्षित असतो. दुकानात मात्र त्याच्यासमोर फ्रेंच नावांची रांग उभी राहते. मग तो किमतीवरून अंदाज बांधतो आणि पुष्कळदा फसतो.

मिश्रण म्हणजे भेसळ नव्हे

पहिला गोंधळ 'ब्लेंड' या शब्दाचा. मिश्रण म्हटले की आपल्याकडे भेसळीची शंका येते. वास्तविक चहाच्या दुकानातून आपण पिढ्यान्‌पिढ्या मिश्रणच घेत आलो आहोत. एका चहाचा रंग आणि दुसऱ्याचा गंध एकत्र आणणे हे चहावाल्याचे कसब असते. वाईनमध्येही तेच घडते.

फ्रान्समधील बोर्दो भागात सोव्हिन्यों ब्लां आणि सेमियों ही दोन द्राक्षे मुख्यत्वे एकत्र येतात. त्यात कधी थोडे मुस्कादेलही असते. सोव्हिन्यों ब्लां धारदार आंबटपणा आणि हिरव्या पाल्यासारखा, कधी पेरूची आठवण करून देणारा गंध देते. सेमियों त्याला भरीवपणा देते. ऑस्ट्रेलियातील मार्गारेट रिव्हर परिसरातही ही जोडी प्रसिद्ध आहे. पोर्तुगालच्या वायव्य भागातील 'व्हिन्यो व्हेर्दे' ही हलकी, कोवळी वाईनही बहुधा अनेक स्थानिक द्राक्षांच्या मिश्रणातून तयार होते.

उलट, बाटलीवर एकाच द्राक्षाचे नाव असले म्हणजे आत केवळ तेच असते, असेही नाही. युरोपीय महासंघाच्या नियमानुसार त्या द्राक्षाचे प्रमाण किमान ८५ टक्के असले तरी पुरते. अमेरिकेत ही मर्यादा सर्वसाधारणपणे ७५ टक्के आहे.

तरीही भारतीय ग्राहकाची शंका अगदीच निराधार नाही. आपल्याकडे अगदी स्वस्त वाईनमध्ये खाण्याच्या द्राक्षांचाही वापर होत आला आहे. म्हणून ब्लेंड घेताना कोणती द्राक्षे मिसळली आहेत, हे लेबलवर शोधावे. द्राक्षांची नावे ठळकपणे सांगणारा उत्पादक आणि केवळ 'व्हाईट वाईन' एवढेच मिरवणारा उत्पादक यांत पहिल्याला झुकते माप द्यायला हरकत नाही.

आंबटपणाचे गणित

पोह्यांवर लिंबू पिळल्यावर जो फरक पडतो, तोच व्हाईट वाईनमध्ये आम्लामुळे पडतो. उष्ण हवेत द्राक्ष पिकताना साखर वाढते आणि आम्ल झपाट्याने घटते. त्यामुळे आपल्यासारख्या प्रदेशात रात्रीचा गारवा आणि काढणीची नेमकी वेळ यांना विशेष महत्त्व येते. १९९७ मध्ये राजीव सामंत यांनी नाशिकजवळ वाईनच्या द्राक्षांची लागवड केली, तेव्हा सोव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींची निवड झाली. शेनिन ब्लां हे उष्ण हवेतही आंबटपणा बऱ्यापैकी टिकवून धरणारे द्राक्ष आहे.

सामान्य ग्राहकाने येथे एकच शब्द लक्षात ठेवावा : 'ड्राय', म्हणजे गोड नसलेली. युरोपात या शब्दाला मोजमाप आहे. साखर लिटरला ४ ग्रॅमपर्यंत, आणि आम्ल पुरेसे असेल तर ९ ग्रॅमपर्यंत चालते. 'सेमी ड्राय' किंवा 'मीडियम' असे लिहिलेली वाईन थोडी गोडसर असते. तळलेल्या बोंबलाबरोबर किंवा कोथिंबीरवडीबरोबर ड्राय वाईन खुलते. तिखटजाळ रश्श्याबरोबर मात्र किंचित गोडसर वाईन अधिक सुसह्य ठरते, कारण अल्कोहोलमुळे तिखटाचा जाळ वाढतो.

सालाचा हिशेब

वाईन जितकी जुनी तितकी चांगली, हा समज आपल्याकडे घट्ट रुजला आहे. काही निवडक वाईनबाबत तो खरा आहे. हलक्या, तजेलदार व्हाईट वाईनच्या बाबतीत तो बहुतांशी चुकीचा आहे. ताजेपणा हेच तिचे भांडवल असते. काढणीनंतर दोन वर्षांच्या आत ती संपवावी, हा साधा नियम पुरेसा आहे.

बाटलीवरचे साल हे द्राक्ष काढणीचे साल असते. ते वाचताना आणखी एक बाब ध्यानात घ्यावी लागते. आपल्याकडे एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळ्यानंतर गोडी छाटणी होते, तर काढणी प्रामुख्याने जानेवारी ते मार्चमध्ये असते. युरोपात ती ऑगस्ट ते ऑक्टोबरमध्ये होते. म्हणजे दोन बाटल्यांवर एकच साल असले तरी नाशिकची वाईन सुमारे सहा महिन्यांनी थोरली असते आणि तिने त्याच वर्षीचा उन्हाळाही पाहिलेला असतो. लेबलवर साल नसेल तर बाटली भरल्याचा महिना शोधावा. तोही सापडला नाही तर दुसरी बाटली घेणे श्रेयस्कर.

फळीवरचा उन्हाळा

लेबल कितीही प्रामाणिक असले तरी बाटली दुकानात कशी राहिली, हे ते सांगू शकत नाही. खरा प्रश्न येथेच आहे. वाईनरीत व्हाईट वाईन पोलादी टाक्यांमध्ये कमी तापमानात आंबवली जाते, कारण तिचा नाजूक गंध उष्णतेत उडून जातो. तीच बाटली पुढे टेम्पोत तापते आणि मग विदर्भ-मराठवाड्यातील चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात दुकानाच्या फळीवर उभी राहते. अशा वाईनचा रंग गडद पिवळा किंवा तपकिरी होऊ लागतो, फळांचा गंध जातो आणि चव शिळी लागते. बूच वर आलेले किंवा झाकणाखाली चिकट ओघळ दिसणे, हीदेखील उष्णतेची खूण असू शकते.

म्हणून बाटली शीतकपाटातील, निदान वातानुकूलित दुकानातील घ्यावी. उन्हाच्या तिरिपेत शोभेसाठी मांडलेली बाटली टाळावी. तरुण व्हाईट वाईनला फिरकीचे झाकण असणे हा कमीपणा नाही. घरी आणल्यावर ती ८ ते १० अंशांपर्यंत थंड करावी आणि उघडल्यावर फ्रीजमध्ये ठेवून दोन-तीन दिवसांत संपवावी.

शेतकऱ्याचा संबंध

ही केवळ शहरी चोचल्यांची चर्चा आहे, असे कोणी म्हणेल. पण तिचा धागा थेट नाशिकच्या बांधापर्यंत जातो. राज्याने २००१ मध्ये द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आणले आणि अनेक शेतकरी वाईनच्या द्राक्षांकडे वळले. पुढे जागतिक मंदी आणि २६ नोव्हेंबर २००८ चा मुंबईवरील हल्ला यांनंतर मागणी कोसळली. वाईनचे द्राक्ष बारीक आणि बियांचे असते. बाजारात खाण्यासाठी ते खपत नाही. वाईनरीने पाठ फिरवताच अनेकांना बागा उपटाव्या लागल्या. २००९ मध्ये वाईनवरील २० टक्के मूल्यवर्धित करापैकी १६ टक्के उत्पादकांना परत करण्याची योजना आली. कर, परवाने, विक्रीची ठिकाणे यांवर तेव्हापासून सतत खल होत आला आहे. साठवणुकीच्या तापमानाचा मुद्दा त्यात क्वचितच येतो.

दरम्यान स्पर्धा वाढते आहे. परदेशी वाईनवर भारताने दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क आकारले. २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झालेल्या ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारात, पाच डॉलरपेक्षा अधिक आयातमूल्याच्या बाटलीवरील शुल्क लगेच १०० टक्क्यांवर आणि दहा वर्षांत ५० टक्क्यांवर आणण्याचे ठरले. पहिल्यांदाच देशी व्हाईट वाईन घेणाऱ्याला फळीवर शिजलेली बाटली मिळाली, तर तो दोष दुकानदाराला देत नाही. 'भारतीय वाईन अशीच असते' असे म्हणून तो परदेशी बाटलीकडे वळतो. त्याची किंमत अंतिमतः बागायतदार मोजतो.

अर्थात, वाईन आरोग्यदायी असते या प्रचाराला भुलण्याचे कारण नाही. मद्याची कोणतीही मात्रा पूर्णपणे सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. वाईन प्यावी की नाही, हा ज्याचा त्याचा निर्णय. पण जो ती विकत घेतो, त्याला धड माल मिळायला हवा. विक्री कुठे व्हावी याचा वाद पुन्हा उपस्थित होईल, तेव्हा बाटली कोणत्या तापमानात ठेवावी याची अटही परवान्यात घालता येईल. त्यासाठी सरकारला महसुलावर पाणी सोडावे लागणार नाही. तोवर ग्राहकाने द्राक्षांची नावे, 'ड्राय' हा शब्द आणि साल वाचावे, आणि दुकानाच्या फळीला एकदा हात लावून पाहावा. ती गरम लागली, तर बाटली तिथेच ठेवलेली बरी.