जुळ्याचे नाव

थॉमस हे आरंभी नाव नव्हते, टोपणनाव होते. अरमाईक भाषेत ‘तओमा’ म्हणजे जुळा. येशूच्या बारा शिष्यांपैकी एकाला लोक याच शब्दाने ओळखत. योहानाच्या शुभवर्तमानात त्याला दिदुम असेही म्हटले आहे, आणि ग्रीकमध्ये त्याचाही अर्थ जुळाच. सिरियाक परंपरा त्याचे खरे नाव यहूदा असे सांगते. तो कोणाचा जुळा, हे मात्र शुभवर्तमानांत कुठेच येत नाही. मराठी आणि हिंदी बायबलांत तो ‘थोमा’ आहे, पोर्तुगीजांचा ‘तोमे’. इंग्रज स्पेलिंगमध्ये ‘एच’ घालतात, पण उच्चार ‘टॉमस’ असाच करतात. मराठीने स्पेलिंग वाचून ‘थॉमस’ केले.

इंग्लंडमध्ये १०६६च्या नॉर्मन विजयापूर्वी हे नाव पाद्र्यांपुरतेच होते. २९ डिसेंबर ११७० रोजी कँटरबरीच्या कॅथीड्रलमध्ये आर्चबिशप थॉमस बेकेट यांची हत्या झाली. ११७३ साली त्यांना संतपद मिळाले, त्यांच्या समाधीकडे यात्रेकरूंची रीघ लागली आणि घरोघरी मुलांची नावे थॉमस ठेवली जाऊ लागली. आठव्या हेन्रीच्या दरबारातले वुल्सी, मोर, क्रॉमवेल आणि क्रॅन्मर हे चौघेही थॉमसच. टॉमसन, टॉमलिन्सन ही आडनावे याच नावापासून झाली. १९९४ साली इंग्लंड आणि वेल्समध्ये मुलग्यांच्या नावांत थॉमस पहिला होता. पुढच्याच वर्षी ‘जॅक’ने त्याला मागे टाकले. अमेरिकेत १९४० आणि १९५०च्या दशकांत हे नाव पहिल्या दहांत होते, आता नाही.

अतिपरिचयाने नावाची काय गत होते, तेही याच नावात दिसते. ब्रिटिश सैन्याच्या छापील नमुन्यांत शिपायाचे नाव म्हणून ‘थॉमस ॲटकिन्स’ लिहिलेले असे. त्यावरून गोऱ्या शिपायालाच ‘टॉमी’ म्हणू लागले. मराठी घरांत टॉमी हे कुत्र्याचे नाव झाले, आणि ट्रकच्या चाकाचे नट सोडवायच्या लोखंडी दांड्यालाही गॅरेजमध्ये टॉमीच म्हणतात.

मराठीशी या नावाचा संबंध याहून जुना आणि मोलाचा आहे. १५७९च्या ऑक्टोबरात गोव्यात उतरलेले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स मराठी शिकले आणि त्यांनी ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली छापले गेले. मराठी वाङ्मयात मात्र ते ‘फादर स्टीफन्स’ म्हणूनच ओळखले जातात. त्यांचे पहिले नाव मागे पडले. मुंबईच्या किल्ल्यातले सेंट थॉमस चर्च १७१८च्या नाताळात उघडले. त्या चर्चकडच्या वेशीला ‘चर्चगेट’ म्हणत, आणि वेस पाडल्यावरही ते नाव रेल्वे स्थानकाला राहिले. मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला. त्या कामात त्यांना जॉर्ज आणि थॉमस या कँडी बंधूंची मदत झाली. पुढे याच थॉमस कँडींनी मराठी पाठ्यपुस्तकांच्या भाषेला वळण लावले आणि मराठीत विरामचिन्हे रुजवली. हे कँडी बंधू जुळे होते. नावाचा मूळ अर्थ मराठीच्या इतिहासात असा एकदा खरा ठरला.

भारतात हे नाव सर्वांत खोल रुजले ते केरळात. प्रेषित थोमा इसवी सन ५२ मध्ये मुझिरिस बंदरात उतरले आणि पुढे आजच्या चेन्नईतल्या मैलापूरला हुतात्मा झाले, अशी तिथल्या सिरियन ख्रिस्ती समाजाची श्रद्धा आहे. या समाजाला ‘सेंट थॉमस ख्रिस्ती’ असेच म्हणतात. मलयाळमने नावाला तोमा, तोम्मन, तोम्मी, तोमाच्चन अशी घरगुती रूपे दिली. मम्मन आणि उम्मन हीही त्याचीच रूपे मानली जातात. १६५३ साली कूनन क्रुसाच्या शपथेने या ख्रिस्ती लोकांनी पोर्तुगीज जेझुइटांची सत्ता झुगारली. त्यानंतर त्यांच्या धर्मप्रमुखाने ‘मार थोमा’ हे नाव घेतले आणि पुढच्या प्रमुखांनी तेच चालवले. टोपणनावाचे नाव झाले होते, आता त्याचे पद झाले.

केरळात हे नाव टिकले ते मुख्यतः नामकरणाच्या रीतीमुळे. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचे नाव देण्याचा या समाजात प्रघात आहे. मराठी घरांतही नातवाला आजोबांचे नाव ठेवीत, पण मराठी माणसाचे आडनाव पिढ्यान्‌पिढ्या तेच राहते. केरळात बापाचेच नाव मुलाच्या नावामागे लागते. थॉमसचा मुलगा वर्गीस थॉमस होतो आणि नातू थॉमस वर्गीस. अशा घरात नाव एका पिढीत पुढे असते, दुसऱ्या पिढीत मागे, पण घराबाहेर जात नाही.

केरळाबाहेर, छत्तीसगडमधल्या भिलाईत, हे नाव आले ते पोलाद कारखान्याबरोबर. कारखान्याचा भारत-सोव्हिएत करार २ फेब्रुवारी १९५५ रोजी झाला आणि पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. देशभरातून माणसे आली. मराठी, तेलुगू, बंगाली आणि मलयाळी कुटुंबे सेक्टरांतल्या क्वार्टरांत शेजारी राहू लागली. हिंदी मुलखातल्या अर्जात अनेकदा आडनावाचा रकाना भरावा लागतो. केरळच्या या रीतीत आडनाव नसते, म्हणून त्या जागी बापाचे नाव बसते आणि मग तिथेच मुक्काम करते. पिढीगणिक जागा बदलणारे नाव असे कायमचे आडनाव होते.

पुढच्या जागेवर नवी नावे आली. १९६०नंतर केरळात शिबू, बिजू, सजी, जिजो अशा आटोपशीर नावांची लाट आली, आणि परप्रांतात वाढणाऱ्या मुलांना हिंदीत सहज खपणारी नावेही मिळू लागली. बाप्तिस्म्याच्या वेळी मात्र आजोबांचे नाव अजून घेतले जाते, त्यामुळे शाळेच्या दाखल्यावर एक नाव आणि चर्चच्या नोंदवहीत दुसरे, असे अनेकांच्या बाबतीत होते. व्यवहारात दाखल्यावरचे नाव चालते, नोंदवहीतले नाही. म्हणून अशा घरांतले थॉमस बाहेर दिसत नाहीत.

भिलाईच्या रुआबांधा भागात याच समाजातल्या मलंकरा ऑर्थोडॉक्स चर्चच्या कलकत्ता धर्मप्रांताचे सेंट थॉमस महाविद्यालय १९८४ पासून चालू आहे. पाळण्यात हे नाव आता क्वचित ठेवतात. नावाच्या शेवटी आणि पाट्यांवर मात्र ते ठळक आहे.