शिवरात्रीला रात्रच हवी

दर महिन्याला शिवरात्र धरून काय साधतं, असं विचारणारे आमच्या भागात विसोबा खेचरांनाच साक्षीला उभं करतात. औंढा नागनाथला विसोबा पिंडीवर पाय ठेवून पहुडले होते. देव नसेल तिथं माझे पाय ठेव, असं त्यांनी नामदेवांना सांगितलं, आणि पाय वळवावे तिथं पिंड उभी राहिली. मग देव सगळीकडे असताना वद्य चतुर्दशीचा आटापिटा कशाला?

ही साक्ष उलटी पडते. कथा तिथं संपत नाही. देव सर्वत्र आहे हे कळल्यावर नरसीचे नामदेव स्वस्थ बसले नाहीत. कीर्तन करत ते थेट पंजाबात घुमानपर्यंत गेले. गुरू ग्रंथ साहिबात त्यांची 61 पदं आहेत. ज्याला सगळीकडे देव दिसला, त्याची साधना वाढली. आपल्याला तर अजून पिंडीपुढंही नीट दिसत नाही.

दुसरा आक्षेप पोटाचा. राबणाऱ्या माणसानं उपाशी का राहावं? राहू नये. पाणी, कंदमुळं, फळं, दूध आणि औषध यांनी व्रत मोडत नाही, असं धर्मशास्त्रच सांगतं. साबुदाण्याविना उपवास नाही म्हणणाऱ्यांनाही एक सांगायला हवं: साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो मुळात दक्षिण अमेरिकेतला. पुराणातल्या ऋषींनी खिचडी खाल्ली नव्हती. ताटावरचा हा वाद व्रताच्या गाभ्याला शिवतही नाही.

गाभा आहे जागरण. या तिथीला चंद्र उगवतो तो पहाटे, तोही कोरीएवढा. महिन्यातल्या सगळ्यात काळ्या रात्रींपैकी ही एक. पूजेची मुख्य वेळ निशीथ, म्हणजे ऐन मध्यरात्र. औंढ्याच्या गाभाऱ्यात अरुंद पायऱ्यांनी, अंग चोरून खाली उतरावं लागतं. अंधारात, वाकून, एकट्यानं. ही रात्रही तशीच उतरायची असते. दिवसा सोयीनं उरकलेल्या अभिषेकात हे कुठून येणार?

जागायला सवड नाही, हे मात्र हिंगोलीच्या शेतकऱ्यानं म्हणू नये. रात्रीच्या लाईटीसाठी तो हरभऱ्याच्या, हळदीच्या रानात कित्येक रात्री जागतो. त्यातलीच एखादी वद्य चतुर्दशी असते. मोटार चालू करून, दारं धरता धरता, मध्यरात्री बांधावर दोन घटका बसून ज्यानं शिवाचं नाव घेतलं, त्याची शिवरात्र घडली असं मी मानतो. मग संध्याकाळी त्यानं भाकरी खाल्लेली का असेना.