विश्लेषण : थंडीत परफ्यूमखाली सुगंधी लोशन... गरज सुगंधाची की ओलाव्याची?

दिवाळी सरली की समाजमाध्यमांवर एकाच धाटणीच्या चित्रफिती फिरू लागतात. अंघोळीनंतर व्हॅनिलाच्या गंधाचे बॉडी लोशन, त्यावर त्याच गंधाचे बॉडी मिस्ट आणि शेवटी परफ्यूम. या प्रकाराला ‘लेअरिंग’ म्हणतात. थंडीत परफ्यूम दिवसभर टिकवायचा असेल तर हे थर हवेतच, असे ठासून सांगितले जाते. या दाव्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. उरलेला अर्धा भाग विक्रीचा आहे आणि त्याची किंमत खिशाबरोबर त्वचेलाही मोजावी लागू शकते.

थंडीत परफ्यूम ‘लागत’ का नाही?

सुगंध म्हणजे हवेत उडून नाकापर्यंत पोहोचणारे रेणू. त्यांना उडण्यासाठी ऊब लागते. थंडीत त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, त्वचेचा पृष्ठभाग गार राहतो आणि हे रेणू सावकाश उडतात. त्यात मनगट, मान हे ऊबदार भाग स्वेटर-मफलरखाली झाकलेले असतात. म्हणजे थंडीत परफ्यूम लवकर संपतो असे नाही, तो कमी दरवळतो.

दुसरी अडचण कोरड्या त्वचेची. परफ्यूममध्ये मुख्यत्वे अल्कोहोल असते आणि त्यात सुगंधी तेले विरघळलेली असतात. ‘ओ द परफ्यूम’मध्ये त्यांचे प्रमाण ढोबळमानाने १५ ते २० टक्के, तर ‘ओ द ट्वालेत’मध्ये त्याहून कमी असते. अल्कोहोल काही क्षणांत उडून जाते आणि तेले त्वचेवर उरतात. त्वचेवर नैसर्गिक तेलकटपणा असेल तर ही तेले त्यात मिसळून थांबतात. कोरड्या, फुटलेल्या त्वचेवर त्यांना तसा आधार मिळत नाही. लिंबू-संत्र्यासारखे हलके गंध तर चटकन निघून जातात. चंदन, व्हॅनिला, कस्तुरीसारखे जड गंध मागे राहतात. हिवाळ्यात बाजार व्हॅनिला आणि चंदनाने भरतो, त्याचे एक कारण हेच.

लोशन लावल्याने नेमके काय होते?

मॉइश्चरायझरमध्ये साधारण तीन प्रकारचे घटक असतात. ग्लिसरीनसारखे घटक पाणी धरून ठेवतात. तेले आणि बटर खरखरीत त्वचा मऊ करतात. पेट्रोलियम जेलीसारखे घटक वरून झाकण घालून त्वचेतील पाणी उडू देत नाहीत. यातील शेवटचे दोन प्रकार स्निग्ध असतात. परफ्यूममधील बहुतेक रेणूही तेलात विरघळणारे असल्याने ते या स्निग्ध थरात अडकतात आणि हळूहळू बाहेर पडतात. परफ्यूमखाली लोशन लावल्यास गंध अधिक वेळ जाणवतो, हा दावा म्हणून पटण्यासारखा आहे.

मग लोशन सुगंधीच हवे का?

इथेच पाणी मुरते. गंधाला धरून ठेवण्याचे काम लोशनमधील तेल करते, लोशनमधील सुगंध नव्हे. बिनवासाचे साधे मॉइश्चरायझर किंवा पेट्रोलियम जेलीचे एक बोटही तेच काम करते. परफ्यूमच्या ‘जोडीचे’ लोशन म्हणून जे महागड्या संचात विकले जाते, त्यात ग्राहक एकच सुगंध दोनदा विकत घेत असतो.

दुसरा हिशेब प्रमाणाचा आहे. परफ्यूमच्या एका फवाऱ्यात सुमारे ०.१ मिलिलिटर द्रव बाहेर पडतो. १५ टक्के सुगंधी द्रव्य धरले, तर तीन फवाऱ्यांतून ४० ते ४५ मिलिग्रॅम सुगंधी तेल अंगावर येते. बॉडी लोशनमध्ये सुगंधाचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आसपास धरले, तरी हातापायांना १० ग्रॅम लोशन लावल्यावर ५० मिलिग्रॅम सुगंधी द्रव्य अंगाला लागते. संपूर्ण अंगाला लावायचे तर प्रौढ व्यक्तीला २० ते ३० ग्रॅम लोशन लागते, म्हणजे हा आकडा दुपटी-तिपटीवर जातो. परफ्यूम दोन-तीन जागी लागतो, लोशन अंगभर चोळले जाते. ‘हलका सुवास’ वाटणारी बाटली प्रत्यक्षात परफ्यूमहून अधिक सुगंधी रसायने त्वचेवर ठेवू शकते. हा हिशेब ढोबळ असला, तरी दिशा स्पष्ट करणारा आहे.

याचा अर्थ सुगंधी लोशन वाईटच असे नाही. ज्यांना परफ्यूमचा भपकारा सोसत नाही, त्यांना नुसत्या लोशनचा मंद वास पुरतो आणि परफ्यूमचा खर्च वाचतो. आक्षेप आहे तो दोन्ही एकमेकांवर चढवल्याशिवाय थंडी साजरी होत नाही, या समजुतीला.

सुगंधाचे थर ही कल्पना नवी आहे का?

अजिबात नाही. दिवाळीच्या पहाटेचे अभ्यंगस्नान आठवले तरी पुरे. आधी सुवासिक तेल, मग नागरमोथा, कपूरकाचरी, वाळा, आंबेहळद यांचे उटणे आणि स्नानानंतर अत्तराचा फाया. थंडीच्या तोंडावर आधी अंगात तेल जिरवायचे आणि गंध शेवटी लावायचा, हा क्रम घराघरांत रूढ आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणांवर ‘गंधयुक्ती’ नावाचे प्रकरण आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या १२व्या शतकातील ‘मानसोल्लासा’तही स्नान आणि विलेपनाचा स्वतंत्र विचार आढळतो.

कनौजचे पारंपरिक अत्तर तर मुळात तेलाच्याच आधारावर उभे आहे. तांब्याच्या डेगेत फुले उकळून त्यांची वाफ भपक्यातील चंदनतेलात उतरवली जाते. त्यात अल्कोहोल नसल्याने ते सावकाश दरवळते. उन्हाळ्यात वाळ्याचे आणि थंडीत हिन्याचे अत्तर लावण्याची रीतही जुनीच. आखाती देशांत अंगाला अत्तर, कपड्यांना बखूरचा धूर आणि वर परफ्यूम अशी पद्धत आहे. दुबई-मस्कतला नोकरीस असलेल्या माणसांच्या सामानातून कोकणातल्या अनेक घरांना ती परिचित झाली आहे.

मात्र या सर्व परंपरांत आणि आजच्या लेअरिंगमध्ये एक फरक आहे. अभ्यंग सणाचे होते, अत्तराचा फाया कानाच्या पाळीत असे. आता तेच रोज, अंगभर आणि तीन-तीन थरांत अपेक्षिले जाते.

त्वचेला धोका कोणता?

सुगंधी द्रव्ये ही सौंदर्यप्रसाधनांमुळे होणाऱ्या संपर्कजन्य ॲलर्जीच्या प्रमुख कारणांपैकी एक आहेत. ही ॲलर्जी पहिल्याच दिवशी दिसत नाही. महिनोन् महिने, कधी वर्षानुवर्षे सुखाने वापरलेले उत्पादन एके दिवशी अचानक खाज, लाली आणि पुरळ आणते. शरीराने एकदा त्या घटकाला शत्रू मानले, की ती ओळख बहुधा आयुष्यभर राहते. मग परफ्यूमच नव्हे, तर साबण, शाम्पू, भांड्यांचा द्रवसाबण यांच्यापासूनही जपावे लागते. ज्यांचे कामच अशा उत्पादनांत हात घालण्याचे आहे, अशा केशकर्तनकार, ब्युटी पार्लरमधील कामगार आणि घरकामगार महिलांसाठी हा प्रश्न हौसेचा राहत नाही, रोजगाराचा होतो.

सावळ्या त्वचेवर या दाहाची आणखी एक खूण उरते. खाज थांबली तरी मानेवर, चेहऱ्यावर काळसर डाग राहतात आणि ते जाण्यास महिने लागतात. बर्गमॉटसारख्या काही लिंबूवर्गीय तेलांतील घटक उन्हाच्या संपर्कात त्वचा भाजल्यासारखे चट्टे आणतात, हेही ठाऊक असावे.

थंडी या धोक्यात भर घालते. गार, कोरडी हवा आणि कढत पाण्याची अंघोळ यांमुळे त्वचेचा वरचा थर आधीच भेगाळलेला असतो. जी भिंत रसायने बाहेर रोखते, तीच कमकुवत झालेली असते आणि नेमक्या त्याच दिवसांत तिच्यावर सर्वाधिक सुगंध चोळला जातो. एक्झिमा असणाऱ्यांनी आणि लहान बाळांच्या पालकांनी म्हणूनच बिनसुगंधी उत्पादनांकडे वळावे.

लेबलवर काय वाचावे?

डब्यामागील घटकांच्या यादीत ‘परफ्यूम’ किंवा ‘फ्रेग्रन्स’ हा एकच शब्द असतो, पण त्यामागे कित्येक रसायने असू शकतात. युरोपीय संघाने २००३ मध्ये यातील २६ घटक नावानिशी छापणे बंधनकारक केले. अंगावर राहणाऱ्या उत्पादनात त्यांचे प्रमाण ०.००१ टक्क्याहून अधिक असेल तर नाव द्यावेच लागते. २०२३ मध्ये ही यादी ८० च्या पुढे नेण्यात आली. नव्या उत्पादनांसाठी ३१ जुलै २०२६ आणि आधीपासून बाजारात असलेल्यांसाठी ३१ जुलै २०२८ ही मुदत ठरली. लिलीच्या फुलाचा गंध देणाऱ्या ‘लिलियल’ या बहुप्रचलित घटकावर तर प्रजननक्षमतेला धोका असल्याच्या कारणावरून मार्च २०२२ पासून तिथे बंदी आहे.

भारतातील दुकानांत दोन्ही प्रकार पाहायला मिळतात. काही डब्यांवर लिनालूल, लिमोनीन, जेरॅनिऑल, कुमरिन अशी नावे स्पष्ट दिलेली असतात, तर काहींवर केवळ ‘परफ्यूम’ या शब्दावर बोळवण केलेली असते. ज्याला एखाद्या घटकाची ॲलर्जी आहे, त्याला या एका शब्दाचा उपयोग शून्य. खाद्यपदार्थाच्या पाकिटावर शेंगदाण्याचा उल्लेख ग्राहक हक्काने मागतो. अंगभर चोळल्या जाणाऱ्या लोशनबाबतही तोच हक्क असायला हवा. नावे छापल्याने कंपनीचे सुगंधाचे गुपित फुटत नाही, कारण प्रमाण सांगावे लागत नाही.

आणखी एक चकवा म्हणजे ‘अनसेंटेड’ हा शब्द. वास येत नाही याचा अर्थ सुगंधी द्रव्य नाही असा नव्हे. मूळ घटकांचा उग्र वास झाकण्यासाठीही ते घातलेले असू शकते. ‘फ्रेग्रन्स-फ्री’ हा शब्द शोधणे आणि यादी तपासणे अधिक खात्रीचे. ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, हाही भ्रमच. लिनालूल आणि लिमोनीन लव्हेंडर आणि संत्र्याच्या तेलातही असतात आणि हवेशी संयोग होऊन जुने झाले की ते अधिक त्रासदायक ठरतात. वर्षानुवर्षे उघडझाप होत असलेली बाटली म्हणून टाकून दिलेलीच बरी.

महाराष्ट्राच्या थंडीला काय हवे?

चित्रफितींतील थंडी बहुधा युरोप-अमेरिकेची असते. मुंबई-ठाण्याच्या दमट हिवाळ्यात जाड बॉडी बटर दुपारपर्यंत चिकट होते आणि गर्दीच्या लोकलमध्ये त्यावरील गोड परफ्यूम शेजाऱ्याला नकोसा वाटतो. इथे पातळ लोशन पुरेसे. निफाड, गोंदिया, महाबळेश्वरच्या थंडीत मात्र घट्ट क्रीम किंवा पेट्रोलियम जेलीच कामाला येते. १८७२ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेली व्हॅसलीन असो वा कोकणात टाचांच्या भेगांवर पिढ्यान् पिढ्या चोळले जाणारे कोकमाचे तेल, दोन्ही बिनसुगंधी आहेत आणि आपले काम चोख करतात.

वापरायचेच तर कसे?

कढत पाण्याऐवजी कोमट पाणी घ्यावे. अंग टिपल्यावर त्वचा किंचित ओलसर असतानाच बिनवासाचे मॉइश्चरायझर लावावे. ते जिरू द्यावे. मग मनगट, कोपराची आतली बाजू अशा ठिकाणी परफ्यूमचे दोन फवारे पुरतात. सुगंधी लोशनची हौस असेल, तर त्या दिवशी परफ्यूमला सुट्टी द्यावी. नवे उत्पादन आधी कोपराच्या आतल्या बाजूस काही दिवस लावून पाहावे. पुरळ आल्यास बाटलीसह त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे, पॅच टेस्टने नेमका घटक कळू शकतो.

आणि वास येईनासा झाला म्हणून पुन्हा फवारू नये. नाक थोड्याच वेळात ओळखीच्या गंधाला सरावते. लावणाऱ्याला जो गंध ‘उडाला’ असे वाटते, तो लिफ्टमधल्या इतरांना चांगलाच जाणवत असतो. दमा किंवा अर्धशिशीचा त्रास असणाऱ्या सहकाऱ्याला तो आजारीही पाडू शकतो.

सुगंधाची हौस माणसाला पूर्वापार आहे आणि ती मोडीत काढण्याचे कारण नाही. मात्र थंडीत त्वचेची पहिली मागणी ओलाव्याची असते. ती साध्या, स्वस्त डब्यातून भागते. तिच्यावर सुगंधाचा दुसरा थर चढवायचा की नाही, हे ग्राहकाने ठरवावे, पण डब्यात काय आहे हे त्याला आधी वाचता आले पाहिजे.