‘सून जेवायला देत नाही’ : तक्रार आजीची, बदनामी सुनेची, आजार मात्र वेगळाच

सकाळी भाकरी-कालवण पोटभर खाल्लेली आजी दहा वाजता ओट्यावर बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "कालपासून पोटात कण नाही, सून जेवायला देत नाही." संध्याकाळपर्यंत ही बातमी पारावर पोहोचते आणि सुनेचा निकाल लागून जातो. आजी खोटं बोलत नसते. ती जेवल्याचंच विसरलेली असते. या आजाराला स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया म्हणतात.

खेड्यापाड्यात याला साधं नाव आहे, म्हातारचळ. नाव मिळालं की विषय संपतो. कुणी हसतं, कुणी "बाहेरचं लागलंय" म्हणून अंगारा आणायला सांगतं. घरातले लोक शरमेपोटी म्हाताऱ्या माणसाला लग्नाकार्याला न्यायचं बंद करतात. पोरापोरींच्या सोयरिकीत "त्यांच्या घरात वेड आहे" असं कुणी म्हणू नये, ही भीती त्यामागं असते.

आकडा काय सांगतो?

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासानुसार ६० वर्षांवरील सुमारे ७.४ टक्के भारतीयांना डिमेन्शिया आहे. म्हणजे अंदाजे ८८ लाख माणसं. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात हे प्रमाण जास्त आढळलं. त्यामुळं हा शहरातल्या लोकांचा आजार, असं म्हणून चालणार नाही.

लपवण्याची किंमत

डिमेन्शिया म्हणजे वेड नव्हे. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होतात. आधी ताज्या गोष्टी विसरतात, जुन्या मात्र लख्ख आठवतात. म्हणूनच ४० वर्षांपूर्वीच्या दुष्काळाची गोष्ट सांगणारा आजोबा घराचा रस्ता चुकतो आणि लोकांना वाटतं, सोंग करतोय.

बहुतेक प्रकार पूर्ण बरे होत नाहीत, हे खरं आहे. पण बी-१२ ची कमतरता, थायरॉइड किंवा नैराश्य यामुळंही विसराळूपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. तपासणीच केली नाही तर हे कळायचं कसं? बीपी आणि शुगर ताब्यात ठेवणं, तंबाखू सोडणं, ऐकू कमी येत असेल तर मशीन लावणं, यानंही धोका कमी होतो.

भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला बांधणं, मारणं हा तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यात ६ महिने ते ७ वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते.

गावाला काय करता येईल?

पहिलं काम घरच्यांचं. "आमच्या आईला विसरण्याचा आजार आहे" हे शेजाऱ्यांना, किराणा दुकानदाराला, आशाताईंना सरळ सांगून टाकावं. लपवलं की अफवा उठतात, सांगितलं की मदत मिळते. आजोबा फाट्यावर भरकटलेले दिसले तर ओळखणारा माणूस घरी आणून सोडतो. खिशात नाव, गाव आणि फोन नंबरची चिठ्ठी ठेवावी.

दुसरं काम शेजाऱ्यांचं. काही घरांत खरोखर हेळसांड होते, हे नाकारून चालणार नाही. म्हणून तक्रार ऐकली की पारावर निकाल देण्याआधी घरात जाऊन बघावं. माणूस स्वच्छ आहे का, वाळत चाललाय का, औषधं वेळेवर मिळतात का, हे डोळ्यांनी दिसतं. हेळसांड असेल तर ज्येष्ठांसाठी १४५६७ ही हेल्पलाईन आहे.

तिसरं, सांभाळणाऱ्याची विचारपूस. रात्र-रात्र जागून, पुन्हा-पुन्हा तोच प्रश्न ऐकून सूनही खचते. तासभर आजीजवळ बसणारी शेजारीण तिला मोठा आधार असते. मन मोकळं करायला टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर आहे, तिथं मराठीतही बोलता येतं. तपासणीची सुरुवात जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातून करता येते.

उद्या एखादी आजी ओट्यावरून म्हणाली, "जेवले नाही," तर वाद घालू नये, हसूही नये. "चल आजी, चहा घेऊ," म्हणत तिच्यासोबत घरात जावं. आजीला सोबत मिळेल आणि सुनेची बाजूही कळेल.