विश्लेषण : मध्ययुगीन चीनच्या संशोधनाला पैसा कोण देते? भारताने तो का द्यावा?

चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी आणि चिनी प्रवासी ह्युएन त्संग ही नावे महाराष्ट्रातील प्रत्येक विद्यार्थ्याने शाळेत वाचलेली असतात. महाराष्ट्रातील माणसे कशी होती, याचे सातव्या शतकातील सविस्तर वर्णन ह्युएन त्संगने लिहून ठेवले. ते चिनी भाषेत आहे. मात्र ते आपल्यापर्यंत पोहोचले फ्रेंच आणि इंग्रजी भाषांतरांतून, म्हणजे दुसऱ्यांनी दुसऱ्यांच्या पैशातून केलेल्या कामातून. मध्ययुगीन चीनवरील संशोधनाचा निधी आटण्याची चिन्हे दिसत असताना या जुन्या व्यवहाराकडे नव्याने पाहण्याची गरज आहे.

‘मध्ययुगीन चीन’ म्हणजे कोणता काळ?

हान साम्राज्य इ.स. २२० मध्ये संपले. त्यानंतर सुमारे साडेतीनशे वर्षे चीन विभागलेला होता. ५८९ मध्ये सुई घराण्याने त्याला एकत्र आणले आणि ६१८ ते ९०७ या काळात तांग घराण्याने राज्य केले. अभ्यासक साधारणपणे या सातशे वर्षांना मध्ययुगीन म्हणतात. काही जण त्यात पुढचे सोंग घराणेही धरतात. याच काळात बौद्ध धर्म चीनमध्ये रुजला, कागद सर्वत्र पोहोचला आणि छपाई सुरू झाली. तारीख असलेले, आजवर टिकलेले जगातील सर्वांत जुने छापील पुस्तक ८६८ सालचे आहे. ते ‘वज्रच्छेदिका’ या भारतीय बौद्ध सूत्राचे चिनी भाषांतर आहे.

महाराष्ट्राशी संबंध काय?

ह्युएन त्संग ६४०च्या आसपास महाराष्ट्रात आला. येथील लोक स्वाभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमानाचा सूड घेतल्याशिवाय राहत नाहीत, असे त्याने नोंदवले. लढाईपूर्वी हत्तींना दारू पाजली जाते, पराभूत सेनापतीला बायकांचे कपडे दिले जातात, हेही त्याने लिहिले. उत्तरेत सर्वत्र जिंकणाऱ्या हर्षवर्धनाला या राजापुढे यश आले नाही, ही त्याची नोंद ६३४ सालच्या ऐहोळे शिलालेखाशी जुळते. त्याने वर्णन केलेला डोंगरातील मोठा विहार म्हणजे अजिंठा, असे बहुतेक अभ्यासक मानतात.

त्याने पाहिलेली राजधानी कोणती, हा प्रश्न मात्र सुटलेला नाही. काहींनी नाशिक सुचवले, काहींनी बदामी. त्याने दिलेली अंतरे, दिशा आणि नदीचा उल्लेख यांचा मेळ बसत नाही. मूळ मजकुराच्या वेगवेगळ्या प्रती ताडून पाहिल्याशिवाय या वादात पुढे जाता येणार नाही. त्यासाठी तांग काळातील चिनी भाषा वाचणारी माणसे हवीत.

भारताचे आणखी काय चिनी भाषेत आहे?

बरेच काही. ह्युएन त्संग ६४५ मध्ये चांगआनला परतला तेव्हा त्याच्याबरोबर ६५७ ग्रंथ होते. त्याच्या आधी आणि नंतरही कित्येक पिढ्या भाषांतर चालू होते. भारतात नष्ट झालेले अनेक संस्कृत, प्राकृत आणि पाली ग्रंथ आज चिनी रूपातच शिल्लक आहेत. विषय फक्त धर्माचा नाही. चांगआनमध्ये स्थायिक झालेल्या भारतीय वंशाच्या कुटुंबातील गौतम सिद्ध हा तांग दरबारात खगोलशास्त्रज्ञ होता. ७१८ मध्ये त्याने भारतीय नवग्रह पंचांग चिनी भाषेत आणले. त्यात ज्या-कोष्टक आहे आणि शून्यासाठी टिंब वापरण्याची पद्धतही सांगितली आहे. भारतीय गणिताच्या प्रवासाचा हा महत्त्वाचा पुरावा आहे.

पुण्याने हे पूर्वीच ओळखले होते. फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवणारे प्रा. पु. वि. बापट चिनीही शिकले. ‘विमुत्तिमग्ग’ या ग्रंथाचे सहाव्या शतकातील चिनी भाषांतर ‘विसुद्धिमग्ग’ या पाली ग्रंथाशी ताडून त्यांनी १९३७ मध्ये पुण्यातून तुलनात्मक अभ्यास प्रसिद्ध केला. विनयपिटकावरील पाली टीकेच्या चिनी रूपाचे त्यांनी जपानी अभ्यासक अकिरा हिराकावा यांच्यासह केलेले इंग्रजी भाषांतर १९७० मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने छापले. म्हणजे हे काम महाराष्ट्रात झालेले आहे. त्याची परंपरा मात्र मोठी होऊ शकली नाही.

हे काम इतके संथ का?

आजची चिनी येणाऱ्यालाही तांग काळातील मजकूर लगेच वाचता येत नाही. शब्दांचे अर्थ बदलले आहेत, हस्तलिखितांत विरामचिन्हे नाहीत आणि उच्चारही वेगळे होते. ह्युएन त्संगच्या ग्रंथात महाराष्ट्रासाठी आलेली अक्षरे जुन्या अभ्यासकांनी ‘मो-हो-ला-छा’ अशी वाचली. पुलकेशीचे झाले ‘पु-लो-की-शे’. ही नावे ओळखायची तर त्या अक्षरांचा तेव्हाचा उच्चार माहीत हवा. त्यासाठी ६०१ मध्ये तयार झालेल्या ‘छ्येयुन’ या यमककोशाचा आधार घेतला जातो. चिनी लिपीत लिहिलेले संस्कृत शब्दही उपयोगी पडतात, कारण संस्कृतचा उच्चार नेमका माहीत आहे. संस्कृत जाणणारा भारतीय अभ्यासक येथे इतरांच्या पुढे असू शकतो.

अशी तयारी व्हायला सात-आठ वर्षे लागतात. संशोधन त्यानंतर सुरू होते. ‘केंब्रिज हिस्टरी ऑफ चायना’चे उदाहरण बोलके आहे. या मालिकेचा सुई-तांग काळावरील तिसरा खंड १९७९ मध्ये आला. २२० ते ५८९ या काळावरील दुसरा खंड प्रसिद्ध व्हायला २०१९ साल उजाडले. दोन-तीन वर्षांच्या प्रकल्प अनुदानात बसणारे हे काम नाही.

आतापर्यंत पैसा कोणी दिला?

उत्तर अनपेक्षित आहे. अ‍ॅल्युमिनियम स्वस्तात तयार करण्याची प्रक्रिया १८८६ मध्ये शोधणारे चार्ल्स मार्टिन हॉल यांच्या संपत्तीतून १९२८ मध्ये हार्वर्ड-येनचिंग इन्स्टिट्यूट उभी राहिली. पूर्व आशियाच्या अभ्यासातील ती आजही एक प्रमुख संस्था आहे.

दुसरे नाव इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यांना नक्की माहीत असेल. वर्कशॉपमध्ये ज्या ‘मिटुटोयो’ कंपनीचे मायक्रोमीटर वापरले जातात, तिचे संस्थापक येहान नुमाता यांनी बौद्ध ग्रंथांच्या प्रसारासाठी संस्था काढली. चिनी त्रिपिटकाच्या इंग्रजी भाषांतराचा त्यांचा प्रकल्प १९८२ पासून सुरू आहे. ह्युएन त्संगच्या प्रवासवर्णनाचे १९९६ मधील इंग्रजी भाषांतर याच प्रकल्पातले.

तिसरे उदाहरण एका प्राध्यापकाचे. सोंग काळाच्या आर्थिक इतिहासाचे अभ्यासक रॉबर्ट हार्टवेल यांनी ऐतिहासिक व्यक्तींचा संगणकीय डेटाबेस तयार केला. १९९६ मध्ये त्यांचे निधन झाले. तो डेटाबेस आणि आपली मालमत्ता त्यांनी हार्वर्ड-येनचिंग इन्स्टिट्यूटच्या नावे केली होती. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘चायना बायोग्राफिकल डेटाबेस’मध्ये आज पाच लाखांहून अधिक व्यक्तींची माहिती आहे आणि ती कोणालाही मोफत वापरता येते. कोणाचे कोणाशी नाते, कोण कोणत्या पदावर, कोण कोठून कोठे गेला, हे नकाशावर आणि आलेखात मांडता येते.

मग अडचण कुठे आहे?

पहिली अडचण अशी, की देणगीदाराचा रस तोच संशोधनाचा विषय ठरतो. धर्मप्रसारासाठी दिलेल्या पैशातून सूत्रांचे भाषांतर होते. सामान्य माणसाच्या कागदपत्रांना तसा आश्रयदाता मिळत नाही. दुनह्वांग येथील गुहेत १९०० मध्ये हजारो हस्तलिखिते सापडली. त्यांत धर्मग्रंथांबरोबर कर्जाचे करार, घटस्फोटपत्रांचे नमुने, मुलांच्या लेखनाचे सराव आणि गावकऱ्यांच्या मंडळांच्या सूचनाही आहेत. हजार वर्षांपूर्वीचा संसार कसा चालायचा, हे त्यांतून कळते.

दुसरी अडचण सरकारी पैशाची. अमेरिकेत एप्रिल २०२५ मध्ये मानव्यविद्यांना मदत देणाऱ्या ‘नॅशनल एन्डाउमेंट फॉर द ह्युमॅनिटीज’ची हजारांहून अधिक अनुदाने अचानक रद्द करण्यात आली. सरकार बदलले की प्राधान्य बदलते. दहा वर्षे मेहनत घेतलेला अभ्यासक मधेच दुसरी नोकरी शोधू लागला, तर त्याच्याबरोबर ते कौशल्यही जाते.

तिसरी अडचण देखभालीची. लंडन, पॅरिस, बीजिंग आणि इतरत्र विखुरलेली दुनह्वांगची हस्तलिखिते ऑनलाइन एकत्र आणण्याचा प्रकल्प १९९४ मध्ये ब्रिटिश लायब्ररीत सुरू झाला. मात्र एकदा स्कॅन केले की काम संपले, असे होत नाही. ऑक्टोबर २०२३ मधील सायबर हल्ल्यानंतर ब्रिटिश लायब्ररीच्या अनेक डिजिटल सेवा कित्येक महिने बंद होत्या. सर्व्हर, सुरक्षा आणि ते सांभाळणारी माणसे यांचा खर्च दरवर्षी करावा लागतो.

हे काम ‘एआय’ करणार नाही का?

काही प्रमाणात करेल. विरामचिन्हे सुचवणे, एकसारखे मजकूर शोधणे, कच्चे भाषांतर करणे यात त्याची मदत होतेच. पण हा मजकूर यंत्रापर्यंत पोहोचला तोच माणसांच्या कष्टामुळे. १९२४ ते १९३४ या काळात टोकियोत छापलेले चिनी त्रिपिटक तैवानमधील ‘सीबीईटीए’ने १९९८ पासून अक्षर न् अक्षर तपासून डिजिटल केले आणि मोफत दिले. शिवाय यंत्राने ‘राजधानी नाशिक’ असे सांगितले, तर ते बरोबर की चूक हे ठरवणार कोण? मूळ मजकूर वाचणारा माणूसच ते ठरवू शकतो. तो नसेल तर आपण फ्रेंच-इंग्रजीऐवजी यंत्राच्या भाषांतरावर अवलंबून राहू, एवढाच फरक.

चीनशी तणाव असताना हा खर्च कशाला?

हा आक्षेप समजण्यासारखा आहे. गलवान संघर्षानंतर काही आठवड्यांतच जाहीर झालेल्या २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शाळेत शिकवायच्या परदेशी भाषांची उदाहरणे आहेत. त्यांत कोरियन, जपानी, थाई आहे. आधीच्या मसुद्यात असलेली चिनी नाही. परंतु तांग काळातील ग्रंथ वाचणे म्हणजे आजच्या बीजिंगची बाजू घेणे नव्हे. उलट शेजाऱ्याचा इतिहास आपण स्वतः वाचला नाही, तर त्याने सांगितलेला इतिहास मान्य करावा लागतो. पैसा त्याचा असेल तर अडचण आणखी वाढते. १९३७ मध्ये शांतिनिकेतनात चीन भवन उभे राहिले तेव्हा चीनमधून आलेल्या देणग्यांचा मोठा आधार होता. तो काळ मैत्रीचा होता. आज तसा पैसा घेताना प्रश्न विचारले जाणारच. म्हणूनच तो भारतीय असायला हवा.

भारताला, महाराष्ट्राला काय करता येईल?

फार मोठी रक्कम लागत नाही. लागते ते सातत्य. संस्कृत किंवा पाली येणाऱ्या चार-पाच तरुणांना जुनी चिनी शिकण्यासाठी सलग दहा वर्षांची शिष्यवृत्ती, एका संस्थेत कायम अध्यासन आणि तयार होणारे काम सर्वांना मोफत उपलब्ध करण्याची अट एवढ्यावर सुरुवात होऊ शकते. दुनह्वांगकडे गेलेल्या ऑरेल स्टाइनच्या मोहिमेच्या खर्चात तेव्हाच्या भारत सरकारचा मोठा वाटा होता आणि त्या मोहिमांतील वस्तू आजही दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत. म्हणजे भारतीय तिजोरीतून या विषयावर खर्च होण्याची ही पहिली वेळ नसेल. फरक इतकाच, की तेव्हा काय आणायचे आणि कुठे ठेवायचे हे लंडनने ठरवले. आता ते ठरवणे आपल्या हातात आहे.

पुण्यात भांडारकर संस्था आहे, पालीची परंपरा आहे. अ‍ॅल्युमिनियम आणि मायक्रोमीटरच्या कमाईतून हे होऊ शकले, तर ज्या राज्यात वाहने, औषधे आणि सॉफ्टवेअर बनते तेथील उद्योगांना ते अशक्य नाही. ह्युएन त्संगने पाहिलेली राजधानी नाशिक होती की बदामी, हा प्रश्न महाराष्ट्राचा आहे. त्याचे उत्तर शोधण्याचा खर्चही महाराष्ट्राने उचलायला हरकत नाही.