चुंबक चिकटला नाही, म्हणजे स्टील चांगलं?

मैत्रिणींनो, भांड्यांच्या दुकानात दुकानदार पातेल्याला लोहचुंबक लावतो आणि ऐटीत म्हणतो, "बघा ताई, चिकटत नाही. अस्सल माल!" या परीक्षेवर फार भिस्त ठेवू नका बरं.

त्याचं असं आहे. थंड लोखंडातली अणूंची रचना चुंबकाला धरणारी असते. तिचं नाव फेराइट. तेच लोखंड ९१२ अंशांच्या वर तापलं की अणू वेगळ्या रीतीने बसतात. ही रचना ऑस्टेनाइट. ती चुंबकाला दाद देत नाही. निवलं की पुन्हा पहिले पाढे! पण पुरेसं निकेल घातलं, तर ऑस्टेनाइट आपल्या फडताळातही टिकून राहतं. ३०४ नंबरच्या स्टीलमध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. गंज अडवतं ते मुख्यतः क्रोमियम, आपल्या न दिसणाऱ्या पापुद्र्याने.

निकेल महाग. म्हणून २०० च्या मालिकेत त्याच्याऐवजी बरंचसं मँगनीज आणि थोडा नायट्रोजन घालतात. तेही ऑस्टेनाइट टिकवतात, म्हणजे चुंबक इथेही चिकटत नाही! पण मँगनीजचा जोर निकेलएवढा नाही, आणि क्रोमियम तर उलट फेराइटकडे ओढणारं. मग अगदी कमी निकेलच्या मालात क्रोमियमलाही कात्री लावावी लागते. म्हणजे राखणदारच कमी केला की हो! चिंच-मिठाचं काही रात्रभर राहिलं की तांबूस ठिपके येतात, ते अशा भांड्यांत लवकर.

उलट चुंबक चिकटतो ते ४३० नंबरचं स्टील सरसकट टाकाऊ नव्हे. त्यात निकेल जवळजवळ नसलं तरी क्रोमियम १६ ते १८ टक्के असतं. इंडक्शनच्या शेगडीला तर चिकटणारा तळच लागतो. आणि ३०४ च्या डब्याचा काठ, जिथे पत्रा फार ओढला-वाकवला जातो, चुंबकाला किंचित धरतो. तेवढ्यावरून डबा परत करायला धावू नका.

तेव्हा लग्नाची भांडी घेताना चुंबक राहू द्या, बिलावर नंबर लिहून मागा. आमटी-सांबाराची पातेली ३०४ ची घ्या. डाळ-तांदळाच्या कोरड्या डब्यांना २०० ची मालिका चालते. मीठ पाणी उकळल्यावरच घाला, थंड पाण्यात तळाशी बसलेले खडे स्टीलला बारीक खड्डे पाडतात. लोणचं मात्र बरणीतच. ३०४ सुद्धा तिथे हात टेकतं. आणि बोहारणीकडच्या डब्याचा नंबर? तो कोण विचारणार! त्यात पोहे भरा.